पाटी एक, प्रश्न पाच: सेंद्रिय दुकानात नव्याने जाणाऱ्यांसाठी

पुणे, नाशिक, ठाणे, कोल्हापूर यांसारख्या शहरांत आता बहुतेक मोठ्या वस्त्यांमध्ये असे एखादे तरी दुकान आढळते, ज्याच्या पाटीवर ‘सेंद्रिय’, ‘नैसर्गिक’, ‘देशी’, ‘विषमुक्त’ यांपैकी दोन-तीन शब्द एकाच ओळीत बसवलेले असतात. आत गेल्यावर कापडी पिशव्यांतला लालसर तांदूळ, काळपट गुळाच्या ढेपा, गढूळ दिसणारे शेंगदाण्याचे तेल आणि नेहमीच्या किराण्यापेक्षा बरेच चढे भाव दिसतात. नवखा ग्राहक येथे एक तर सगळेच चांगले असणार असे मानून महिन्याचे वाणसामान एकदम भरतो, नाही तर भाव पाहून पाठ फिरवतो. मी स्वतः पहिल्या प्रकारातला होतो. ऐन जूनमध्ये दहा किलो असडी, म्हणजे बिनपॉलिशचा तांदूळ घरी आणला, घरातल्यांनी तो दोनदा खाऊन तिसऱ्यांदा ताट बाजूला सारले आणि उरलेला तांदूळ श्रावण संपण्याआधी सोंड्यांनी पोखरून टाकला. त्यात दुकानदाराचा काही दोष नव्हता, कारण मी त्याला एकही प्रश्न विचारला नव्हता.

कोणते प्रश्न विचारायचे, कोणत्या क्रमाने विचारायचे आणि उत्तर ऐकून काय करायचे, हे या लेखात सांगितले आहे.

पहिली पायरी: घरातल्या डब्यांकडे पाहणे

दुकानात जाण्याआधी स्वयंपाकघरातील डबे उघडून पाहावेत आणि कोणता जिन्नस महिन्याला किती किलो लागतो, याचा अंदाज कागदावर मांडावा. जे रोज आणि भरपूर खाल्ले जाते त्यापासूनच बदलाला सुरुवात करावी. बहुतेक मराठी घरांत ही यादी तांदूळ, गहू किंवा ज्वारी, तूरडाळ, तेल आणि गूळ या पाच जिनसांतच संपते. महिन्यातून दोनदा लागणाऱ्या जवसाच्या चटणीसाठी किंवा राजगिऱ्याच्या चिक्कीसाठी तिप्पट पैसे मोजून रोजचा भात आणि तेल पूर्वीचेच ठेवण्यात अर्थ नाही. सेंद्रिय नाचणीची बिस्किटेदेखील शेवटी बिस्किटेच असतात, आणि त्यांतले साखर व तुपाचे प्रमाण पाकिटाच्या मागच्या बाजूला छापलेले असते.

पहिल्या खेपेला या पाचांपैकी दोन किंवा फार तर तीन जिनसा, त्याही किलो-अर्धा किलोच्या मापात घ्याव्यात. घरातल्या जिभांना नव्या चवीची ओळख होण्यास एक महिना लागतो आणि आपल्याला दुकानाची ओळख होण्यासही साधारण तेवढाच.

दुसरी पायरी: दुकान कोणत्या प्रकारचे आहे, हे ओळखणे

केवळ असाच माल ठेवणारी शहरातील छोटी दुकाने हा एक प्रकार झाला. त्यांचा मालक बहुधा गल्ल्यावरच बसलेला असतो आणि त्याच्याशी बोलता येते. मोठ्या सुपरमार्केटमधील सेंद्रिय कप्पा हा दुसरा प्रकार. तेथे माल सीलबंद असतो, लेबल व्यवस्थित असते, पण उत्तर देणारे माणूस नसते. तिसरा प्रकार शेतकऱ्यांच्या थेट विक्रीचा. राज्य कृषी पणन मंडळाच्या संत शिरोमणी सावता माळी अभियानातून भरणारे शेतकरी आठवडी बाजार, पुण्यात डिसेंबरच्या सुमारास भरणारी भीमथडी जत्रा, बचत गटांच्या मालाचे मुंबईतील महालक्ष्मी सरस प्रदर्शन आणि उन्हाळ्यात ठिकठिकाणी होणारे धान्य व तांदूळ महोत्सव ही त्याची ठळक उदाहरणे आहेत. गोव्यात मडगावला मे महिन्यात भरणारे पुरुमेंताचे फेस्त हे पावसाळ्यापूर्वीच्या बेगमीचे जुने ठिकाण आहे. तेथील माल ‘सेंद्रिय’ म्हणून विकला जात नाही, परंतु उकडा तांदूळ, सुकी मिरची, आमसुले अशा जिनसांची पारख शिकायला त्याच्यासारखी शाळा नाही. चौथा प्रकार म्हणजे लाकडी घाण्याचे दुकान, जे मुळात तेल काढते आणि जोडीला गूळ, मसाले, डाळी ठेवते.

आठवडी बाजारात जो दिसतो तो शेतकरीच असतो असे मात्र गृहीत धरू नये. ज्याच्या पुढ्यात एकाच वेळी काश्मिरी सफरचंद, आले आणि आंबेमोहर मांडलेले असतात, तो व्यापारी असतो. व्यापारी असण्यात गैर काही नाही, फक्त त्याला शेताविषयी विचारून उपयोग नसतो.

तिसरी पायरी: पाच प्रश्न वेगवेगळे ठेवणे

या दुकानांत होणाऱ्या बहुतेक फसगतींचे मूळ लबाडीपेक्षा गोंधळात असते. पाटीवरचे शब्द वेगवेगळ्या गोष्टींविषयी बोलतात आणि ग्राहक ते सगळे एकाच अर्थाने ऐकतो. म्हणून कोणताही जिन्नस हातात घेतला की पाच प्रश्न सुटे करावेत: तो पिकवला कसा, त्याचे वाण कोणते, त्यावर प्रक्रिया काय झाली, तो केव्हाचा आहे आणि तो आला कोणाकडून.

‘सेंद्रिय’ किंवा ‘जैविक’ हा शब्द फक्त पहिल्या प्रश्नाचे उत्तर आहे; रासायनिक खते आणि कृत्रिम कीटकनाशके न वापरता, ठरावीक नियमांनुसार पीक घेतले, एवढेच तो सांगतो. ‘देशी’ किंवा ‘गावरान’ हे दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आहे, आणि देशी वाणावरही फवारणी होऊ शकते. ‘लाकडी घाण्याचे’, ‘हातसडीचा’, ‘अनपॉलिश’, ‘जात्यावरचे’ ही तिसऱ्या प्रश्नाची उत्तरे आहेत. साध्या बाजारातून आणलेल्या शेंगदाण्याचे तेल लाकडी घाण्यावर काढले तर ते घाण्याचे तेल खरेच आहे, पण सेंद्रिय नाही. उलटपक्षी, सेंद्रिय साळीचा तांदूळ दोनदा पॉलिश करून पांढराशुभ्र केला तर तो सेंद्रियच राहतो, मात्र कोंडा गेलेला असतो. ‘नैसर्गिक शेती’ ही आणखी एक वेगळी वाट. विदर्भातील सुभाष पाळेकर यांनी प्रसार केलेल्या आणि त्यासाठी २०१६ मध्ये त्यांना पद्मश्री मिळालेल्या पद्धतीत देशी गाईचे शेण, गोमूत्र, गूळ व बेसन यांच्या जीवामृतावर भर असतो, आणि या पद्धतीने शेती करणाऱ्या कित्येकांकडे प्रमाणपत्र नसते. ‘विषमुक्त’ आणि ‘रेसिड्यू फ्री’ हे शब्द तर बहुधा तपासणीत कीटकनाशकांचे अंश सापडले नाहीत एवढेच म्हणतात. फवारणी झालीच नाही, असे ते म्हणत नाहीत.

काही वेळा पाटीवरचा शब्द त्या जिनसाला लागूच होत नाही. मीठ हे खनिज असल्यामुळे ‘सेंद्रिय मीठ’ या शब्दाला शेतीच्या अर्थाने आधार नाही. सैंधव मिठात सहसा पुरेसे आयोडीनही नसते, तेव्हा घरातले साधे आयोडीनयुक्त मीठ पूर्णपणे बंद करण्याची घाई करू नये.

चौथी पायरी: शिक्के आणि कागद वाचणे

भारतात सेंद्रिय मालाच्या प्रमाणीकरणाच्या दोन मुख्य पद्धती आहेत. पहिली राष्ट्रीय सेंद्रिय उत्पादन कार्यक्रमाची, म्हणजे एनपीओपीची. केंद्रीय वाणिज्य मंत्रालयाच्या अखत्यारीत २००१ पासून चालणारा हा कार्यक्रम अपेडा ही कृषिमालाच्या निर्यातीसाठीची केंद्रीय संस्था राबवते. त्यात मान्यताप्राप्त त्रयस्थ संस्था शेताची तपासणी करते आणि मालावर ‘इंडिया ऑरगॅनिक’ हे चिन्ह लागते. दुसरी सहभाग हमी पद्धत, म्हणजे पीजीएस-इंडिया. ती कृषी मंत्रालयाची असून तिच्यात गटातले शेतकरी एकमेकांच्या शेतांची पाहणी करतात. खर्च कमी असल्याने लहान शेतकरी हीच निवडतात. पीजीएसचे चिन्ह पाहताना एक बारकावा ध्यानात घ्यावा: ‘पीजीएस-ग्रीन’ म्हणजे शेत अजून रासायनिकाकडून सेंद्रियाकडे रूपांतराच्या काळात आहे आणि ‘पीजीएस-ऑरगॅनिक’ म्हणजे तो काळ पूर्ण झाला आहे. एनपीओपीमध्ये हंगामी पिकांसाठी हा काळ साधारण दोन वर्षांचा, तर आंबा-काजूसारख्या बहुवार्षिक पिकांसाठी तीन वर्षांचा असतो. या काळात उत्पन्न घटते आणि माल मात्र ‘सेंद्रिय’ म्हणून विकता येत नाही, म्हणून ग्रीन चिन्हाचा माल थोड्या कमी भावात मिळत असेल तर तो जरूर घ्यावा, असे माझे मत आहे. शेतकऱ्याला सर्वाधिक गरज असते ती याच वर्षांत.

अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाचे सेंद्रिय अन्नाविषयीचे नियम २०१७ मध्ये निघाले आणि १ जुलै २०१८ पासून लागू झाले. त्यांनुसार सेंद्रिय म्हणून विकल्या जाणाऱ्या पाकीटबंद मालाला वरील दोहोंपैकी एका पद्धतीचे प्रमाणीकरण लागते, आणि वर्तुळ, पान व बरोबरची खूण असलेले ‘जैविक भारत’ हे चिन्ह अशा मालाची ओळख म्हणून आणले गेले. आपला माल थेट ग्राहकाला विकणाऱ्या लहान शेतकऱ्याला या प्रमाणीकरणातून सूट आहे. त्यामुळे आठवडी बाजारातल्या शेतकऱ्याकडे शिक्का नाही म्हणून तो खोटा ठरत नाही, आणि शिक्का नसलेला दुकानदार मात्र तीच सबब सांगू लागला तर ती मान्य करण्याचे कारण नाही.

पाकिटावरील चौदा अंकी क्रमांकाने अनेकांची दिशाभूल होते. तो अन्नव्यवसायाचा परवाना किंवा नोंदणीचा क्रमांक असतो. फरसाणाच्या पुडीवरही तो असतो आणि सेंद्रियतेशी त्याचा काही संबंध नसतो.

दुकानाच्या भिंतीवर चौकटीत लावलेल्या प्रमाणपत्राजवळ जाऊन ते वाचावे. ते कोणत्या शेतकऱ्याचे, गटाचे किंवा प्रक्रिया केंद्राचे आहे, त्यात कोणती पिके नोंदवली आहेत आणि मुदत कधीपर्यंत आहे, हे त्यावर लिहिलेले असते. हळद आणि आल्याच्या प्रमाणपत्राखाली तूरडाळ विकली जात असेल, तर त्या कागदाचा डाळीला उपयोग नाही. सुट्या मालाच्या बाबतीत, पिंपात किंवा काचेच्या बरणीत ओतलेल्या धान्याला मूळ पोत्याचा शिक्का चिकटून येत नाही. ते पोते किंवा त्यावरचे लेबल पाहायला मिळेल का, असे शांतपणे विचारावे. चांगला दुकानदार या प्रश्नाने रागावत नाही; कित्येक जण तर पोत्याची चिठ्ठी बरणीतच टाकून ठेवतात.

पाचवी पायरी: एकेक जिन्नस पारखणे

तांदळापासून सुरुवात करू, कारण वाण आणि प्रक्रिया यांचा घोळ येथे सर्वांत जास्त असतो. इंद्रायणी हा तांदूळ अनेकांना परंपरागत वाटतो, परंतु तो वडगाव मावळच्या भात संशोधन केंद्रात तयार होऊन १९८७ मध्ये प्रसारित झालेला सुधारित वाण आहे. तो चिकट, सुवासिक आणि उत्तम आहे. फक्त ‘पुरातन देशी’ म्हणून त्यासाठी जादा पैसे देऊ नयेत. आंबेमोहर खरोखर जुना असून त्याचे उत्पन्न कमी येते, आणि म्हणूनच बाहेरच्या राज्यांतले आखूड, सुवासिक तांदूळ त्याच्या नावाने अनेकदा विकले जातात. आजरा घनसाळ आणि मुळशीचा आंबेमोहर यांना भौगोलिक मानांकन आहे, तेव्हा अशा नावांखाली माल घेताना तो कोणत्या तालुक्यातून आला, हे विचारणे रास्त ठरते.

पुढचा प्रश्न पॉलिशचा. ‘हातसडीचा’ म्हणून मिळणारा तांदूळ आज क्वचितच हाताने सडलेला असतो. बहुधा रबरी रोळांच्या यंत्रात फक्त टरफल काढून, पांढरे करण्याची पायरी वगळलेली असते. त्याचा कोंडा शाबूत राहतो आणि हा फायदाच आहे, पण त्याच कोंड्यातील तेलामुळे हा तांदूळ लवकर खवट होतो. मूठभर दाणे तळहातावर चोळून वास घ्यावा. जुन्या तेलासारखा वास आला तर पिशवी परत ठेवावी. नवख्या घराने थेट असडी तांदळावर न जाता एकदा पॉलिश केलेला तांदूळ घ्यावा, किंवा असडी तांदूळ तासभर भिजवून, नेहमीपेक्षा जास्त पाणी घालून शिजवावा. न भिजवता, नेहमीच्या पाण्यात आणि नेहमीच्या शिट्ट्यांत तो शिजवला की दाणा आत टणक राहतो आणि सेंद्रिय अन्नाची बदनामी होते.

गव्हात सध्या खपलीला मोठी मागणी आहे. सातारा, सांगली आणि बेळगाव परिसरात पूर्वीपासून घेतला जाणारा हा लांबट, तांबूस गहू खिरीला आणि पुरणपोळीला नामांकित आहे. त्यात ग्लुटेन नसते, असे काही ठिकाणी बिनदिक्कत सांगितले जाते. ते चूक आहे. खपली हा गहूच असल्यामुळे ग्लुटेन वर्ज्य असलेल्या रुग्णाने तो खाऊ नये. अशा घरांसाठी आणखी एक सूचना अशी की, ज्वारी-नाचणीसुद्धा सामाईक गिरणीत दळून घेऊ नये, कारण आधीच्या दळणाचे गव्हाचे पीठ जात्याच्या पाळूत राहिलेले असते.

ज्वारीबद्दल माझे मत दुकानदारांना आवडणार नाही. मंगळवेढ्याच्या बाजूची रब्बीची मालदांडी बहुतांशी जमिनीतल्या ओलीवर येते; तिला खत-फवारणी मुळातच कमी लागते. डोंगरउतारावरच्या नाचणी-वरईचेही तसेच. या जिनसांना प्रमाणपत्रासाठी दीडपट भाव देण्यापेक्षा खात्रीच्या शेतकऱ्याकडून साधी मालदांडी घ्यावी आणि वाचलेले पैसे मिरची, द्राक्षे, बेदाणे, पालेभाज्या यांच्याकडे वळवावेत. त्यांच्यावरची फवारणी कितीतरी अधिक असते.

बाजरीचे पीठ तयार घेऊ नये, कारण ते काही दिवसांतच कडू होते. भगरीचे तयार पीठही टाळावे. उपवासाच्या दिवसांत भगरीतून विषबाधा झाल्याच्या घटना महाराष्ट्रात वारंवार घडतात आणि त्यामागे बहुधा दमट जागी साठवलेल्या धान्यावरची बुरशी असते. भगर पाकीटबंद घ्यावी, निवडून-धुऊन वापरावी आणि पीठ लागेल तेव्हा लागेल तेवढेच करावे. येथे ‘सेंद्रिय’ हा शब्द काहीच संरक्षण देत नाही.

तूरडाळ अनपॉलिश असली तर ती मंद रंगाची, किंचित धुरकट आणि कुठे कुठे सालीचे तुकडे असलेली दिसते. पॉलिश डाळ पाण्याचा किंवा तेलाचा हात देऊन चकचकीत केलेली असते. हा फरक डोळ्यांना दिसतो, त्यामुळे अधिक लिहीत नाही.

तेलाविषयी मात्र सविस्तर लिहिणे भाग आहे. लाकडी घाणा सावकाश फिरतो, तेल फारसे तापत नाही आणि ते गाळून किंवा निवळून भरले जाते. त्यामुळे बाटलीच्या तळाशी थोडा गाळ बसतो, तापवताना फेस येतो आणि शेंगदाण्याचा वास राहतो. या तिन्ही गोष्टी स्वाभाविक आहेत. भाव योग्य आहे का, हे ताडण्याची एक सोपी रीत आहे. किलोभर शेंगदाणा तेलासाठी घाण्यावर साधारण सव्वादोन ते अडीच किलो दाणे लागतात. समजा, बाजारात चांगले दाणे १४० रुपये किलो आहेत, तर नुसत्या दाण्यांचाच खर्च ३१५ ते ३५० रुपये होतो. पेंड विकून त्यातले काही परत येतात, पण मजुरी, वीज, बाटली आणि दुकानभाडे वर चढते. अशा वेळी कोणी २२० रुपयांत ‘शुद्ध लाकडी घाण्याचे’ तेल देऊ लागला, तर दाणे तरी हलके आहेत किंवा तेलात दुसरे तेल आहे. हाच हिशेब तीळ, करडई आणि खोबऱ्यालाही लावता येतो, फक्त उतारा वेगळा असतो.

दाण्यांचा दर्जा का पाहायचा, याला चवीपलीकडचे कारण आहे. बुरशी लागलेल्या शेंगदाण्यात अफ्लाटॉक्सिन हे विष तयार होते. रिफाइंड तेलाच्या प्रक्रियेत ते बहुतांशी निघून जाते. घाण्याच्या तेलात अशी प्रक्रिया नसल्याने दाणे निवडलेले असणे हाच मुख्य बचाव उरतो. म्हणून घाणा चालू असताना जावे आणि घाण्यात पडणारे दाणे पाहू द्या, असे म्हणावे. सुरकुतलेले, काळे पडलेले, हिरवट बुरशीचे दाणे त्यात दिसले तर तेथून तेल घेऊ नये. खाद्यतेल सुटे विकण्यास सर्वसाधारणपणे कायद्याने मनाई आहे, तेव्हा तारीख आणि परवाना क्रमांक छापलेली सीलबंद बाटलीच घ्यावी आणि ती तीन महिन्यांत संपेल एवढीच असावी.

गुळात ‘सेंद्रिय’ हा प्रश्न दोनदा विचारावा लागतो: एकदा उसाच्या शेताविषयी आणि एकदा गुऱ्हाळातल्या काहिलीविषयी. रस उकळताना मळी वर काढण्यासाठी परंपरेने रानभेंडीच्या झाडाचा चिकट रस वापरतात. पिवळाधमक रंग आणण्यासाठी मात्र हायड्रोस नावाची पावडर टाकली जाते. त्यामुळे सेंद्रिय उसाचा पण हायड्रोस मारलेला गूळ आणि साध्या उसाचा पण भेंडीवर काढलेला गूळ, अशी दोन्ही उदाहरणे बाजारात असतात. काळपट रंग ही सुद्धा पक्की खूण नाही, कारण जुना आणि पाणी सुटलेला गूळही काळा पडतो. ढेपेचा कोपरा तोडून पाहावा: तो कोरडा, बारीक कणीदार असावा आणि तोंडात उसाची चव रेंगाळावी. काही ठिकाणी रसात साखरच मिसळली जाते. असा गूळ टणक, मोठ्या खड्यांचा आणि नुसता गोड लागतो.

हळद पूड न घेता हळकुंडे घ्यावीत आणि कांडपावर दळून आणावीत. पुडीत कृत्रिम रंगाची भेसळ सोपी असते. सांगलीची आणि वर्धा जिल्ह्यातील वायगावची हळद, भिवापूरची मिरची, सिंधुदुर्ग-रत्नागिरीचे कोकम यांना भौगोलिक मानांकन आहे, पण मानांकन प्रदेशाची आणि त्या मालाच्या गुणांची ग्वाही देते, सेंद्रियतेची नाही. तुपाच्या बरणीवरील ‘ए-टू’ (दुधातील एका प्रथिनाचा प्रकार) या शब्दाविषयी इतकेच सांगतो, की ऑगस्ट २०२४ मध्ये अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने हे दावे काढण्याचा आदेश दिला आणि काही दिवसांतच तो मागे घेतला; तेव्हा केवळ त्या शब्दासाठी दुप्पट भाव देण्याआधी थांबावे.

सहावी पायरी: भाव आणि माप

पाकिटे ४०० ग्रॅम, ४५० ग्रॅम, ९०० ग्रॅम अशा मापांत येतात आणि डोळ्यांना ती अर्धा किलो-किलोची वाटतात. पाकीटबंद मालावर आता प्रतिग्रॅम किंवा प्रतिकिलो दरही छापलेला असतो. तुलना त्याच्याशीच करावी. सुटा माल स्वतःच्या डब्यात घेत असल्यास आधी रिकामा डबा काट्यावर ठेवून त्याचे वजन वजा करायला सांगावे.

भाव जास्त असण्याची खरी कारणे असतात: हाताने केलेली खुरपणी, रूपांतराच्या वर्षांतील घट, लहान प्रमाणातली वाहतूक, तपासणीचा खर्च आणि किडीमुळे दुकानात होणारे नुकसान. नेहमीच्या चांगल्या मालाच्या सव्वा ते दीडपट भाव मला समजू शकतो. अडीच-तीनपट भाव असेल तर तो कशाचा, असे विचारावे. घासाघीस शेतकऱ्याशी करू नये, पण ‘पाच किलो घेतले तर काय लावाल?’ हा प्रश्न सगळीकडे चालतो.

सातवी पायरी: घरी आणल्यावर

सेंद्रिय धान्याला साठवणुकीची रासायनिक औषधे लावलेली नसतात, त्यामुळे कीड लवकर लागते. कीड दिसली म्हणजे माल अस्सल, असे दुकानदार हसत सांगतात. त्यावर विसंबू नये, कारण कीड जुन्या मालालाही लागते. माल आणल्याबरोबर परातीत पसरून निवडावा. धान्याला उन्हाळ्यात कडक ऊन द्यावे, पूर्ण गार झाल्यावरच कोरड्या डब्यात भरावे आणि सावलीत वाळवलेला कडुलिंबाचा पाला थरांमध्ये घालावा. तांदळाला मात्र कडक ऊन देऊ नये, कण्या होतात. तूरडाळीला आणि गव्हाला एरंडेल तेलाचा हलका हात चोळण्याची जुनी पद्धत आजही उपयोगी आहे. पीठ, रवा आणि असडी तांदूळ यांच्या लहान पिशव्या आठवडाभर फ्रीजरमध्ये ठेवल्या तर आतली अंडी मरतात. पाऱ्याच्या गोळ्या किंवा धुरीच्या विषारी गोळ्या घरातल्या डब्यांत कदापि टाकू नयेत. बोरिक पावडर लावलेले कडधान्य अनेक घरांत वापरले जाते, पण ती पावडर खाण्याची वस्तू नव्हे.

प्रत्येक डब्यावर चिठ्ठी चिकटवून जिन्नस, दुकान, आणल्याची तारीख आणि भाव लिहावा. दोन-तीन महिन्यांत ही चिठ्ठीच सांगू लागते, की कोणाकडची डाळ लवकर शिजली आणि कोणाच्या तांदळाला आधी पोरकिडे लागले.

आठवी पायरी: दुकानदाराशी नाते, आणि तक्रार

एखादा जिन्नस बिघडला तर उरलेला माल आणि पावती घेऊन परत जावे. बहुतेक छोटे दुकानदार तो बदलून देतात, आणि त्यांनाही पुरवठादाराकडे बोलायला पुरावा मिळतो. पावती मागण्यात संकोच करू नये. लेबलवरचा दावा खोटा असल्याचा सबळ संशय असेल, तर जिल्ह्याच्या अन्न व औषध प्रशासनाच्या कार्यालयात लेखी तक्रार देता येते आणि राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक उपलब्ध आहे.

एका दुकानात तीन-चार खेपा झाल्या की हंगामाचा विषय काढावा, कारण ‘केव्हाचे’ या प्रश्नाचे उत्तर तेथे असते. नवा गूळ साधारण नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत निघतो, नवा तांदूळ दिवाळीनंतर येतो, तूर जानेवारी-फेब्रुवारीत मळली जाते, रब्बीची ज्वारी आणि गहू फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये घरात येतात, हळद व सुकी मिरची उन्हाळ्याच्या तोंडावर आणि आमसुले मे अखेरीस. भाताला जुना तांदूळ हवा असेल तर तो मागील वर्षाचा आहे का, हे विचारावे. वर्षाची ज्वारी-गहू एकदम घ्यायची असेल, तर दुकानदाराला जानेवारीतच सांगून ठेवावे. तो आपल्या शेतकऱ्याकडे तेवढी नोंद करतो आणि भावही बरा लागतो. जूनपासून सप्टेंबरपर्यंत मात्र महिन्याभराच्या वर काही भरू नये, आणि माझ्यासारखा असडी तांदूळ तर दोन किलोंच्या पुढे नेऊ नये.